टेम्पो तुमचा, तर गुन्ह्यातही नाव तुमचं

प्रश्न : भाऊ, स्टेशनजवळच्या महापालिकेच्या व्यापारी संकुलात माझा गाळा आहे, कपड्यांचं दुकान. रात्री शटर पडलं की व्हरांड्यात पंधरा-वीस माणसं झोपायला येतात. दोन म्हातारी माणसं, लेकरं घेऊन एक बाई, सातपुड्याकडून कामाला आलेली पावरा समाजाची दोन कुटुंबं, डोक्यावर परिणाम झालेला एक माणूस आणि तीन-चार दारुडे. सकाळी पायऱ्यांवर घाण असते. वरच्या मजल्यावर क्लास आहे, दारुडे तिथल्या मुलींना काहीबाही बोलतात. मागच्या महिन्यात दोन गाळ्यांची कुलपं तुटली. पोलीस म्हणतात महापालिकेत जा, महापालिका म्हणते पोलिसांत जा. आता व्यापारी मंडळानं ठरवलंय की एका रात्री सगळ्यांना गाडीत भरायचं आणि घाटापलीकडे सोडून यायचं. माल आणायचा टेम्पो माझा आहे, तो मागताहेत. नाही म्हटलं तर मंडळ मला वाळीत टाकेल. काय करू?

उत्तर : टेम्पो देऊ नका. पुढचं सगळं वाचायला सवड झाली नाही तरी एवढं लक्षात ठेवा. (तुमचं शहर आणि संकुल ओळखू येईल असा मजकूर प्रश्नातून काढला आहे.)

मंडळाला वाटतंय की कुणाला मारायचं नाही, लुटायचं नाही, नुसतं गाडीत बसवून दुसरीकडे सोडायचं, मग यात गुन्हा कसला? माणसाला त्याच्या मनाविरुद्ध गाडीत चढवलं की तिथेच गुन्हा झाला. भारतीय न्याय संहितेत वाट अडवणं हे कलम १२६ आणि कोंडून ठेवणं हे कलम १२७. दुसऱ्यात वर्षभरापर्यंत कैद आहे, आणि चालत्या टेम्पोच्या मागे बसवलेला माणूस कायद्याच्या नजरेत कोंडलेलाच असतो. त्यांची अंथरुणं-भांडी फेकलीत तर नुकसान केल्याचं कलम ३२४. ओढाताणीत म्हाताऱ्याचा हात मोडला तर गंभीर दुखापत. अंधारात एखादं लेकरू आईपासून तुटून टेम्पोत गेलं, तर अज्ञान मुलाला पालकाच्या ताब्यातून पळवून नेल्याचा आरोप येऊ शकतो, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पाच किंवा अधिक जण असल्या हेतूनं जमले की तो बेकायदेशीर जमाव होतो, मग ज्यानं कुणाला हात लावला नाही तोही आरोपी. "मी फक्त गाडी दिली" हे वाक्य कोर्टात बचाव म्हणून नाही, कबुली म्हणून वाचलं जातं. गुन्ह्याला साधन पुरवणं म्हणजेच साथ देणं.

त्यात पावरा कुटुंबं आहेत, म्हणजे अनुसूचित जमात. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला राहतं घर, गाव किंवा राहण्याची जागा सोडायला भाग पाडणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. संकुलाचा व्हरांडा ही 'राहण्याची जागा' होते का, यावर तुमचा वकील झकास युक्तिवाद करेल, पण तो नंतर. या कायद्याच्या कलम १८ मुळे अटकपूर्व जामीन सहसा मिळत नाही. त्या गडबडीत मंडळातल्या एखाद्याच्या तोंडून जातीवरून शिवी गेली, तर मग बोलायलाच नको.

आता टेम्पोबद्दल. पोलीस तो मुद्देमाल म्हणून जप्त करतील आणि सोडवून आणेपर्यंत तुमचा माल भाड्याच्या गाडीनं येईल. त्याहून मोठा धोका अपघाताचा. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच सांगून ठेवलं आहे. घाटात गाडी कलंडली तर भरपाई मालकाच्या खिशातून, म्हणजे तुमच्या. आणि समजा सगळं सुखरूप झालं, पण मे महिन्यात रस्त्याकडेला उतरवलेला म्हातारा उन्हानं दुसऱ्या दिवशी गेला. आपल्याकडचा मे काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा निष्काळजीपणानं मृत्यूचं कलम १०६ समोर येतं, पाच वर्षांपर्यंत.

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा बेत लिहिला गेला असेल, अशी मला खात्रीच आहे. तिथे अंगठाही दाखवू नका. कट सिद्ध करायला तपास अधिकाऱ्याला याहून सोपा पुरावा मिळत नाही.

मग सहन करायचं का? नाही. तुमची तक्रार खरी आहे. मुलींना होणारा त्रास, फुटलेली कुलपं, पायरीवरची घाण यातलं काहीच खोटं नाही. चूक अर्जात आहे. "व्हरांड्यातले लोक हटवा" असा अर्ज दिला की पोलीस आणि महापालिका दोघांनाही तो एकमेकांकडे ढकलता येतो, कारण नुसतं झोपणाऱ्या माणसाला उचलून नेण्याचा सरसकट अधिकार दोघांकडेही नाही. तुम्ही स्वतःच मला पाच प्रकारची माणसं मोजून दाखवलीत. अर्जही तसेच वेगवेगळे करा. प्रत्येकामागे वेगळा कायदा आहे आणि वेगळा अधिकारी बांधलेला आहे.

सर्वात सोपा अर्ज त्या भ्रमिष्ट माणसाचा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १००. स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण हद्दीत फिरताना दिसला तर त्याला संरक्षणाखाली घेणं हे ठाणे अंमलदाराचं कर्तव्य आहे, मर्जीचा प्रश्न नाही. त्याला चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीला न्यायचं, कोठडीत टाकायचं नाही, आणि तो बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या खानदेशात जळगाव आणि धुळे दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. अर्जात हे कलम नाव घेऊन लिहा. माझा अनुभव असा, की कलमाचा आकडा दिसला की ठाण्यातली भाषा बदलते.

लेकरांसाठी १०९८ या बाल हेल्पलाइनवर फोन करा. रस्त्यावर राहणारं मूल हे बाल न्याय कायद्यानुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल आहे आणि त्याला चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. मात्र आई सोबत आहे, हे सांगायला विसरू नका. नुसत्या गरिबीपायी मूल आईपासून तोडता येत नाही. मागणी दोघांच्या एकत्र निवाऱ्याची करा.

म्हाताऱ्यांना आधी विचारा, मुलंबाळं आहेत का. असतील आणि त्यांनी टाकून दिलं असेल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात तो गुन्हा आहे आणि पोटगीचा अर्ज प्रांताकडच्या न्यायाधिकरणात चालतो, वकिलाशिवाय. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

पावरा कुटुंबं तुम्हाला बेघर वाटतात, पण त्यांचं घर बहुधा डोंगरात आहे आणि पोट इथे. ती बांधकामावर असतील, तर १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याच्या कलम ३४ नुसार त्यांच्या राहण्याची तात्पुरती सोय साइटवर किंवा जवळपास फुकट करून देणं मालकावर बंधनकारक होतं; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली, म्हणून आताची तरतूद कामगार कार्यालयात विचारून घ्या. ठेकेदार कोण ते विचारा आणि सहायक कामगार आयुक्तांकडे एका पानाची तक्रार द्या. व्हरांड्यातली निम्मी गर्दी तिथेच कमी होईल, असा माझा अंदाज आहे. आपल्या भागात केळीची गाडी भरायला, कापूस वेचायला, स्लॅब टाकायला ही माणसं हवी असतात. रात्री ती कुठे झोपतात हे मात्र कुणी विचारत नाही.

राहिले दारुडे. ते पोलिसांचंच काम आहे. दारू पिऊन सार्वजनिक जागी गोंधळ घालणं दारूबंदी कायद्याच्या कलम ८५ मध्ये येतं आणि मुलींना अश्लील बोलणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ मध्ये, तीन वर्षांपर्यंत कैद. क्लासच्या सरांना पुढाकार घ्यायला सांगा, मुलींच्या पालकांना सोबत न्या, ११२ वर फोन केलात तर वेळ लिहून ठेवा. ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर तोच मजकूर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १७३ मध्ये ती सोय आहे, तिथूनही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. कुलपांची तक्रार यात मिसळू नका, ती वेगळी घरफोडी आहे. आणि ती व्हरांड्यातल्या माणसांनीच केली असं पुराव्याशिवाय लिहू नका. रात्रभर शटरसमोर पडलेली माणसं तुमची साक्षीदारही असू शकतात, त्यांना घाटापलीकडे पाठवलंत तर साक्षीदारच गेले.

"भिकारी कायदा लावा" असंही मंडळात कुणी म्हणेल. १९५९ चा हा कायदा महाराष्ट्रात अजून आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. तरीही त्यात पोलिसांनी माणसाला न्यायालयापुढे उभं करायचं, न्यायालयानं चौकशी करायची आणि मगच एक ते तीन वर्षं संस्थेत ठेवता येतं. तुमच्या यादीत भीक मागणारे किती हेच मला दिसत नाही. रात्री झोपणं म्हणजे भीक मागणं नव्हे. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १२२ चंही तसंच. रात्री रस्त्यात पडून राहिल्याबद्दल ते लागतं, पण नावाजलेल्या चोराला, प्रत्येक झोपलेल्या माणसाला नाही.

आता महापालिका. तुमचं संकुल तिचंच आहे, म्हणजे व्हरांड्याची मालकही तीच. १९८५ साली ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या फुटपाथवासीयांबद्दल निकाल दिला. त्याचं अर्धंच वाक्य जो तो सांगत फिरतो. संपूर्ण निकाल असा, की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, पण फुटपाथ अडवून राहण्याचा हक्क कुणालाच नाही. महापालिकेला माणसं हटवता येतात, मात्र नोटीस देऊन, रीतसर. त्या वेळी न्यायालयानं पावसाळा संपेपर्यंत कुणाला हलवू दिलं नव्हतं.

हटवून न्यायचं कुठे, याचंही उत्तर कागदावर आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याचा मापदंड ठरला : लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची सोय, माणशी पन्नास चौरस फूट, बारमाही आणि चोवीस तास. २०११ च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांच्या वर आणि धुळे पावणेचार लाखांच्या आसपास होतं. आपल्या शहराचा हिशेब तुम्हीच करा आणि माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून विचारा, की निवारे किती, क्षमता किती, बेघरांचं सर्वेक्षण शेवटचं कधी झालं, पैसा किती आला आणि कशावर गेला. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कुणालाही निवाऱ्यात जबरदस्तीनं नेता येत नाही, हे खरं. पण निवाराच नसेल, तर "लोक जायला तयार नाहीत" हे कारण महापालिकेला देता येणार नाही.

घाणीचं काम यापेक्षा सोपं आहे. रस्त्यावर दिवे लावणं आणि सार्वजनिक मुताऱ्या-शौचालयं चालवणं ही १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात बंधनकारक कामं आहेत. स्टेशन परिसरातलं शौचालय रात्री बंद राहत असेल तर माणसं पायरीवरच बसणार. यासाठी प्रांत किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली अर्ज करा. जुन्या संहितेत हेच कलम १३३ होतं. शेजारच्या मध्य प्रदेशात रतलामच्या रहिवाशांनी ते वापरलं, नगरपालिका "पैसे नाहीत" म्हणत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९८० साली तिथे हरली. गटारं आणि शौचालयं बांधायला पैशाची सबब चालणार नाही, असं न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ठणकावलं. हा निकाल अर्जासोबत जोडा. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, तो नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. दाद लागली नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे त्याच प्रती घेऊन जा.

व्हरांड्याला जाळीचा दरवाजा बसवता येईल का? महापालिकेची लेखी परवानगी असेल तर येईल. परवानगीशिवाय लावलात तर तुमच्याच गाळ्याचा करार अडचणीत येईल. झोपलेल्यांच्या अंगावर पाणी ओतणं, पायरीला जळकं ऑइल फासणं हे उद्योग काही ठिकाणी चालतात. अंगावर ओतलंत तर तो बलप्रयोग आहे.

मंडळ एकटं पाडेल म्हणता. वाळीत टाकण्याविरुद्धचा २०१६ चा कायदा जात आणि धर्मसमूहांच्या बहिष्कारासाठी आहे, व्यापारी मंडळाला तो लागणार नाही, त्या भरवशावर राहू नका. त्यापेक्षा टेम्पोसाठी निघणाऱ्या वर्गणीतून परवानाधारक एजन्सीचा रात्रीचा रखवालदार आणि दोन कॅमेरे ठेवा, असा लेखी प्रस्ताव तुम्हीच मांडा. रखवालदाराला बजावून सांगा की त्याला पोलिसांचे अधिकार नाहीत. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला तरच तो माणूस धरू शकतो, आणि सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं. टेम्पोबद्दलचं उत्तरही त्याच पत्रात द्या : "माझं वाहन या कामासाठी मिळणार नाही आणि या ठरावाला माझी संमती नाही." खाली तारीख घाला आणि अध्यक्षांची पोच घ्या.