गोचीड तापाची शंका असेल तेव्हा

आपल्या कुत्र्याने तीन दिवस अन्न सोडले आहे, ताप १०४ अंश फॅरनहाइट आहे आणि नाकातून रक्तही आले, हे वाचून मला सर्वप्रथम गोचीड तापाची, म्हणजे गोचीड चावल्याने होणाऱ्या जंतुसंसर्गाची शंका येते. तेव्हा त्याला आजच पशुवैद्यांकडे न्यावे. त्याचा वरचा ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात, आणि त्या पांढरट पडल्या असतील किंवा लघवी कोऱ्या कॉफीसारखी गडद होत असेल, तर सकाळपर्यंतही थांबू नये. या तापावरील प्रतिजैविक डॉक्सिसायक्लिनची पहिली गोळी देण्यापूर्वी रक्त काढून घेण्याची विनंती आवर्जून करावी, कारण औषध सुरू झाल्यावर पीसीआर तपासणीत (रक्तातील जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी) जंतू सापडण्याची शक्यता घटते. प्लेटलेट (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) कमी आल्या, तर काचपट्टीवरील रक्त सूक्ष्मदर्शकाखालीही पाहून घ्यावे. प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या असतील, तर यंत्र त्या कमी मोजते. गोचीड तापाला कारण ठरणाऱ्या बेबेसिया या तांबड्या पेशींतील परजीवीच्या शोधासाठी कानाच्या टोकाला टोचून घेतलेला थेंब अधिक उपयोगी पडतो. प्रतिपिंडे (जंतूंविरुद्ध शरीर तयार करते ती प्रथिने) शोधणाऱ्या झटपट किटचा निकाल निगेटिव्ह आला, तरी निर्धास्त राहू नये, कारण सुरुवातीच्या दिवसांत प्रतिपिंडे तयार झालेली नसतात. माझ्या कुत्रीच्या बाबतीत नेमके हेच घडले आणि आमचे पाच मोलाचे दिवस गेले. ताप उतरावा म्हणून घरातील आयबुप्रोफेन मात्र कृपया मुळीच देऊ नये.