चाक घ्यायचं ते फ्रेमला विचारून

या वेळची पत्रं एकाच विषयाभोवती फिरतायत: स्टीलची हार्डटेल, म्हणजे पुढे सस्पेन्शन फोर्क आणि मागचा भाग सरळ फ्रेमला जोडलेला अशी डोंगरी सायकल. बहुतेकांनी चाकाचा आकार आधी ठरवलाय आणि फ्रेमचा विचार नंतर. उत्तरं मात्र आम्हाला फ्रेमपासून सुरू करावी लागली.

प्रश्न (पुणे): माझी उंची ५ फूट २ इंच. वेताळ टेकडी आणि आसपासच्या मुरमाच्या, दगडाच्या वाटांवर चालवायची आहे. दुकानदार म्हणतो, २७.५ इंची चाक आता जुनं झालं, २९ची स्मॉल घ्या. ऐकू का?

दुकानदाराचं अर्धं खरं आहे. नव्या सायकली आणि टायर २९मध्ये जास्त येतात आणि ते चाक दगडगोट्यांवरून सहज निघतं. पण तुमच्या उंचीला बाकीचं अर्धं महत्त्वाचं.

आधी आकडे. टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास २६ला ५५९ मिमी, २७.५ला ५८४ आणि २९ला ६२२. म्हणजे टायरची जाडी तीच ठेवली तर २९चं चाक २७.५पेक्षा त्रिज्येत १९ मिमी मोठं. २६ आणि २७.५मध्ये फरक फक्त साडेबारा मिमीचा. नावावरून वाटतं २७.५ बरोब्बर मध्ये असेल. प्रत्यक्षात ते २६च्या जवळ आहे.

हे १९ मिमी छोट्या फ्रेमवर दोन ठिकाणी नडतात. पहिलं, हँडल वर जातं. चाक मोठं, त्यासाठीचा फोर्कही थोडा लांब, त्यामुळे हेडट्यूब (फोर्क जिच्यात फिरतो ती फ्रेमची पुढची नळी) कितीही आखूड केली तरी २७.५च्या तुलनेत पुढची बाजू दोन-अडीच सेंमी उंच राहते. चढावर पुढचं चाक भरकटतं, वळणावर त्याच्यावर वजन टाकता येत नाही. दुसरं, तीव्र उतारावर सीट खाली करून बूड मागे नेलं की ते मागच्या टायरला घासतं. उंच माणसाला हे कधी कळतही नाही.

फ्रेमच्या तक्त्यात दोन आकडे शोधा. रीच, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून (पेडलच्या दांड्यांचा आस जिथे फिरतो ती जागा) हेडट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर, तुम्हाला साधारण ३९५ ते ४१५ मिमी हवा. स्टॅक, म्हणजे तेच अंतर उभं मोजलेलं, ६००च्या आसपास किंवा कमी असेल तर २९ बिनधास्त घ्या. सपाट हँडल लावा आणि स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) खालच्या स्पेसर कड्या काढून टाका. स्टॅक ६२०च्या पुढे असेल तर ती स्मॉल केवळ नावाची. मग २७.५ × २.६ (दुसरा आकडा टायरची जाडी, इंचांत) घ्या, जुनं म्हणो कोणी काही. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलच्या शर्यतीत झेक कुल्हावीने २९वर सुवर्ण घेतलं आणि स्विस शुर्टरने २७.५वर रौप्य, दोघांमध्ये अंतर होतं ते शेवटच्या वळणाचं.

उभं राहून फ्रेमवरची मोकळीकही मोजा. अनवाणी भिंतीला पाठ लावा, मांड्यांमध्ये एक जाडसर पुस्तक वर दाबून धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. या मापातून फ्रेमच्या वरच्या नळीची उंची वजा केली की किमान ५ सेंमी उरायला हवेत.

प्रश्न (नाशिक): २९च्या फ्रेममध्ये मागे २७.५चं चाक घातलं तर चालेल का? पुढे २९ तसंच ठेवायचंय.

बसेल नक्की, चालेल की नाही ते मोजून ठरवा. मागचा आस १९ मिमी खाली येतो. चेनस्टे (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या आसापर्यंतची नळी) ४३० आणि चाकांमधलं अंतर ११८० मिमी असं धरलं, तर बॉटम ब्रॅकेट सुमारे १२ मिमी खाली उतरतो आणि हेड अँगल (हेडट्यूबचा जमिनीशी कोन) जवळपास एक अंशाने सैल, म्हणजे कमी, होतो. सीट अँगलही (सीटच्या नळीचा कोन) तेवढाच मागे पडतो, म्हणजे चढावर तुम्ही पेडलच्या आणखी मागे बसता. १२ मिमी ऐकायला किरकोळ वाटतं. सह्याद्रीतल्या कातळाच्या पायऱ्यांवर पेडल आपटायला लागलं की कळतं.

मध्यममार्ग आहे. मागे २७.५ × २.८ टायर घाला. त्याची त्रिज्या साधारण ३६३ मिमी भरते आणि २९ × २.४ची ३७२. फरक ९ मिमीवर येतो आणि बॉटम ब्रॅकेट फक्त ६ मिमी उतरतो. अट एकच: चेनस्टेमध्ये २.८ मावायला हवा. दोन्ही बाजूंना प्रत्येकी ६ मिमी मोकळी जागा सोडा. चिखलात त्याहून कमी जागा म्हणजे टायर रंग खरवडणार आणि पुढे नळीसुद्धा.

प्रश्न (सातारा): माझ्याकडे १९९०च्या दशकातली क्रोमोलीची (एका मिश्र स्टीलची) २६ची फ्रेम आहे, व्ही-ब्रेकची (रिमला दोन्हीकडून चिमटणाऱ्या ब्रेकची). तिच्यात २७.५ची चाकं घालून नवी करता येईल का?

प्रेम समजतो, पण उत्तर बहुधा नाही असंच आहे. व्ही-ब्रेकचे पॅड २६च्या रिमसाठीच्या उंचीवर असतात. रिम साडेबारा मिमी वर सरकला की पॅड खाचेत पूर्ण वर सरकवूनही पोचत नाहीत. डिस्क ब्रेकसाठी फ्रेमवर कान नसतील तर ते नव्याने वेल्ड करून घेऊ नका. जुन्या चेनस्टे आणि सीटस्टे (मागच्या आसापासून सीटकडे जाणाऱ्या नळ्या) त्या बाजूच्या ताणासाठी बनवलेल्या नसतात. ब्रेक दाबला की नळी नेमकी वेल्डच्या कडेला वाकते आणि तिथूनच चिरते.

डिस्कची सोय असलीच तर फोर्क तपासा. हवा सोडून (स्प्रिंगचा असेल तर स्प्रिंग काढून) फोर्क पूर्ण दाबा आणि टायर आणि क्राउन (फोर्कचे दोन पाय वर जोडणारा भाग) यांमध्ये किती जागा उरते ते पाहा. ६ मिमीपेक्षा कमी उरत असेल तर विषय संपला. उडीनंतर टायर क्राउनला टेकला तर चाक जागच्या जागी थांबतं आणि तुम्ही पुढे जाता.

आमचा सल्ला: २६च ठेवा. फ्रेम परवानगी देईल तेवढा जाड, २.२५ किंवा २.३५ टायर घाला. तेवढ्यानेच ती सायकल तुम्हाला ओळखू येणार नाही. टायर घेताना मात्र कडेवरचा आकडा वाचा. तुमच्या रिमला ज्याच्या शेवटी ५५९ आहे तोच लागतो, उदाहरणार्थ ५४-५५९. साध्या सायकलचा २६ × १ ३/८ मागून आणाल तर तो ५९०चा निघेल. मोजमाप दशांशात नसून अपूर्णांकात असेल तर रिमच वेगळा, हे पक्कं धरा. याच हिशोबाने आपल्या दूधवाल्याच्या सायकलचा २८ × दीड हा ६३५ मिमीचा, म्हणजे २९पेक्षाही मोठा रिम. सायकलच्या आकड्यांवर फार विश्वास ठेवू नये तो यामुळेच.

प्रश्न (कोल्हापूर): हायटेन (साधं स्टील), क्रोमोली, रेनॉल्ड्स कंपनीची ५२०, ८५३... महाग स्टील म्हणजे जास्त आरामदायी का?

नाही. सगळ्या स्टीलचा ताठपणा जवळपास एकच असतो. फरक मजबुतीत आहे. मजबूत स्टीलची नळी पातळ करता येते, पातळ नळीने वजन घटतं आणि किंचित लवचिकपणा येतो. क्रोमोली म्हणजे ४१३०: शेवटच्या ३०चा अर्थ ०.३० टक्के कार्बन, शिवाय साधारण १ टक्का क्रोमियम आणि ०.२ टक्के मॉलिब्डेनम. रेनॉल्ड्सची ५२० ही याच जातीची. ८५३ वेल्डनंतर हवेत थंड होताना सांध्याजवळ उलट कडक होते, म्हणून तिच्या नळ्या आणखी पातळ ठेवता येतात.

‘बटेड’ हा शब्द शोधा. तशा नळीची भिंत टोकांना ०.८ आणि मध्ये ०.५ मिमी अशी असते: वेल्डच्या जागी जाड, मध्ये पातळ. आणि स्टिकर पूर्ण वाचा. ‘मुख्य नळ्या क्रोमोली’ लिहिलं असेल तर मागचा त्रिकोण हायटेनचा समजा. अशी फ्रेम वाईट नसते, जड असते. चांगली क्रोमोली हार्डटेल फ्रेमसुद्धा अडीच ते तीन किलोची भरते. त्याहून फार हलकी कोणी सांगत असेल तर काट्यावर ठेवायला सांगा.

आरामाचं म्हणाल तर तो टायरमध्ये आहे. उभ्या धक्क्यात फ्रेम अगदी थोडी वाकते. टायर कित्येक पटींनी जास्त दबतो. ७० किलोच्या माणसाने २९ × २.४ ट्यूबलेसमध्ये पुढे १८ ते २० आणि मागे २२ ते २४ पीएसआयपासून सुरुवात करावी. ट्यूब असेल तर दोन्हीकडे ४-५ वाढवा, नाहीतर दगडावर ट्यूब चिमटून सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात. दुकानातून ४० पीएसआय भरून आणलेली सायकल चालवून ‘स्टील कडक आहे’ म्हणू नका.

प्रश्न (ठाणे): १०० मिमी ट्रॅव्हलच्या (म्हणजे तेवढा दबणाऱ्या) फोर्कच्या जागी १३० मिमीचा लावायचा आहे. फ्रेम स्टीलची आहे, सोसेल ना?

आधी फ्रेमवाल्याने दिलेली मर्यादा बघा. ती १२० असेल तर १३० लावू नका. लांब फोर्क म्हणजे हेडट्यूबवर लांब तरफ. खालच्या नळीचा हेडट्यूबजवळचा सांधा तिथेच फुगतो, मग रंगाला बारीक सुरकुती दिसते. ती सुरकुती दिसली की सायकल भिंतीला टेकवून ठेवा, चालवू नका.

तुलना ट्रॅव्हलची न करता आसापासून क्राउनपर्यंतच्या लांबीची करा. ही लांबी दर २० मिमीने वाढली की हेड अँगल सुमारे एक अंश सैल होतो, बॉटम ब्रॅकेट ७ मिमी चढतो आणि रीच साधारण १ सेंमी घटतो. हार्डटेलमध्ये सस्पेन्शन फक्त पुढे असल्याने बसल्यावर फोर्क दबतो आणि कोन परत ताठ होतो. म्हणून तक्त्यातला ६६ अंश चालवताना ६७च्या वर असतो.

हेडट्यूबचा आतला व्यास मोजा. ४४ मिमी असेल तर खालचा कप बाहेर ठेवून टेपर्ड फोर्क (ज्याचा स्टीअरर, म्हणजे हेडट्यूबमध्ये जाणारी नळी, खाली जाड होते) बसतो. ३४ मिमी असेल तर फक्त सरळ, १ १/८ इंचाचा स्टीअरर. टेपर्ड स्टीअरर घासून बसवून देतो म्हणणाऱ्या मेकॅनिककडून सायकल लगेच परत आणा.

प्रश्न (नागपूर): १४२ मिमी हबचं (हब म्हणजे चाकाचा मधला भाग) मागचं चाक बूस्ट, म्हणजे १४८ मिमीच्या फ्रेममध्ये बसेल?

हो. १४८ मधून १४२ गेले की दोन्ही बाजूंना ३-३ मिमीचे स्पेसर आणि डिस्कखाली ३ मिमीची कडी. उलटं, म्हणजे १४८चं हब १४२मध्ये, नाही. पूर्वी स्टीलचे स्टे ताणून १३०चे १३५ करत; थ्रू-अ‍ॅक्सलच्या (म्हणजे आरपार जाणाऱ्या आसाच्या) फ्रेमवर तो उद्योग केला तर दोन्ही टोकांची भोकं एका रेषेत राहत नाहीत.

प्रश्न (रत्नागिरी): कोकणातल्या पावसात स्टीलची फ्रेम घ्यावी का? गंज कसा रोखायचा?

घ्या, पण आतून राखा. फ्रेम बाहेरून गंजली तर दिसते; खरा गंज बॉटम ब्रॅकेटच्या कवचात साचलेल्या पाण्यातून लागतो. फ्रेम निवडताना त्या कवचाच्या तळाला निचऱ्याचं भोक आहे का बघा आणि ते मातीने बुजू देऊ नका.

पावसाळ्याआधी एकदा सीटपोस्ट, फोर्क आणि बॉटम ब्रॅकेट काढा. बॉटम ब्रॅकेटचा उजवीकडचा कप उलट आट्यांचा असतो, तो घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतो. निम्मे कप इथेच खराब होतात. फ्रेम दोन दिवस कोरडी होऊ द्या. मग मेणाचा गंजरोधक फवारा सीट ट्यूबमधून, हेडट्यूबमधून आणि स्टेंच्या बारीक छिद्रांतून मारा, फ्रेम सगळ्या बाजूंनी उलटीपालटी करा आणि रात्रभर निथळू द्या. फवारा मिळाला नाही तर रंगवाल्याकडचं उकळलेलं अळशीचं तेल चालतं. वाळायला वेळ घेतं, पण पक्का पापुद्रा धरतं. त्या तेलाची फडकी मात्र चोळामोळा करून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा.

सीटपोस्ट अ‍ॅल्युमिनियमचा असतो. ग्रीसशिवाय खारट हवेत तो स्टीलच्या नळीत असा जखडतो की कापून काढावा लागतो. पावसाळ्यात दर महिन्याला उपसा, पुसा, ग्रीस लावून परत घाला. सीट क्लॅम्पची फट आणि फ्रेमची (सीट ट्यूबच्या तोंडाला मुद्दाम ठेवलेली) चीर मागे असेल तर मागच्या चाकाचं पाणी थेट आत जातं. चीर फ्रेमची, ती हलत नाही. क्लॅम्प मात्र फिरवून त्याची फट पुढे घ्या आणि चिरेवर जुन्या ट्यूबचा तीन बोटं रुंद तुकडा चढवा.