मुठीपाशी आडवी गेलेली रेघ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. तू रायफलीसाठी केलेला लाकडी दस्ता देखणा झाला आहे. मागच्या भागातलं ते धुरकट नक्षीचं अक्रोड पाहून मी बराच वेळ फोटो हातात धरून बसलो होतो. मग खिडकीशी गेलो, भिंग घेतलं आणि मुठीचा, म्हणजे चापामागे हाताने धरतो तो भाग पाहिला. तिथे लाकडाची रेघ, म्हणजे तंतूंची ओळ, खालून वर तिरकी चढून वरच्या कडेला बाहेर पडते आहे. तू लिहिलं आहेस की तिघांनी ही रायफल विकत मागितली आहे. तिघांनाही नाही म्हण. हा दस्ता विकायचा नाही.

रागावू नकोस. कारण नीट सांगतो.

रायफलीचा धक्का सरळ मागे येतो. तो सोसताना दस्त्याची सगळ्यात बारीक जागा म्हणजे मूठ, आणि तिथेच वरून ॲक्शन, म्हणजे नळीमागचा बोल्ट बसतो तो धातूचा भाग, बसवण्यासाठी आपण लाकूड कोरून काढलेलं असतं. रेघ मुठीतून लांबीच्या दिशेने सरळ गेली तर लाकूड वर्षानुवर्षं टिकतं. ती आडवी कापली गेली तर दहा गोळ्यांनी काही होत नाही, शंभरांनीही कदाचित होत नाही. मग एखाद्या थंड सकाळी रायफल दगडावर जरा आपटते आणि मूठ तडकते. तुझ्याकडून घेणारा माणूस तेव्हा डोंगरात असेल. नक्षी मागच्या भागात हवी आणि मुठीत सरळ, कंटाळवाणी रेघ हवी. लाकडाची फळी घेताना आधी मुठीची जागा बघायची, नक्षी नंतर. मीही पहिली दोन वर्षं उलटंच करत होतो. माझा दुसरा दस्ता असाच तडकला. तो माझ्याच हातात तडकला, हे माझं नशीब.

लाकडाचंच आणखी थोडं. अक्रोड मुरलेलं असल्याशिवाय त्याला पटाशी लावू नकोस. उघड्यावर वाळवायचं तर जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष, हा जुन्या सुतारांचा हिशेब आजही चुकत नाही. फळीच्या दोन्ही टोकांना मेण लाव, नाहीतर टोकं आधी वाळतात आणि चिरतात. दर महिन्याला वजन करून फळीवरच पेन्सिलीने लिहीत जा. वजन घटायचं थांबलं की ती तयार. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, पण रुंदीत ओलावा पिऊन फुगतं आणि कोरडं झालं की आकसतं. पावसाळ्यात निशाणावर असलेली रायफल उन्हाळ्यात दुसरीकडे मारते ती बऱ्याचदा याच कारणाने: दस्त्याचा पुढचा भाग वळतो आणि नळीला एका बाजूने रेटतो. म्हणून नळी आणि लाकूड यांच्यामध्ये कागद सहज सरकेल एवढी फट ठेवायची. तुझ्या फोटोत ती फट डावीकडे दिसते, उजवीकडे दिसत नाही. तपासून बघ.

ॲक्शन बसवण्याच्या कामात घाई केलीस असं वाटतं. धातूला काजळी लावायची, लाकडात दाबायची, उचलायची, जिथे काळं लागलं तिथलंच तेवढं खरवडायचं. असं शंभरदा, दोनशेदा. हात काळे होतात, पाठ भरून येते, आणि दिवसभराच्या कामानंतर ॲक्शन जेमतेम नखभर खाली गेलेली असते. पण या कामाला दुसरी वाट नाही. धक्का झेलणारा खालचा जाड दात, ज्याला रिकॉइल लग म्हणतात, त्याची मागची बाजू लाकडाला पूर्ण टेकली पाहिजे. ॲक्शनच्या मागच्या शेपटीमागे मात्र केसभर मोकळी जागा हवी. लग नीट टेकला नाही तर सगळा धक्का त्या शेपटीवर येतो आणि ती पाचरीसारखी दस्ता चिरते. जुन्या रायफलींच्या शेपटीमागे जी बारीक चीर दिसते, ती दहापैकी नऊ वेळा इथूनच सुरू झालेली असते.

तेलाबद्दल विचारलं होतंस. जवसाचं तेल बोटाने चोळून, अगदी पातळ, आणि प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा. त्याआधी लाकूड ओल्या फडक्याने पुसून वाळू दे, तंतू उभे राहतील, ते बारीक पॉलिश पेपरने काढ. असं तीन-चार वेळा केलंस तर पुढे पावसात भिजल्यावर दस्ता खरखरीत होणार नाही. ॲक्शन बसते त्या आतल्या भागाला आणि मागच्या रबरी पॅडखालच्या उघड्या टोकालाही तेल लाव. तिथे कुणाची नजर जात नाही, पण पाणी तिथूनच शिरतं. आणि तेलाच्या चिंध्या कधीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. जवसाचं तेल वाळताना हवेशी संयोग पावून गरम होतं आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेतो. त्या एकेक पसरून बाहेर वाळत घाल, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेव. हे मी पूर्ण गांभीर्याने लिहितो आहे.

मुठीवरची जाळी तू इंचाला २६ रेघांनी कोरली आहेस. दिसते नाजूक. पण तुझं लाकूड तितकं घट्ट नाही, रेघांमधल्या त्या हिऱ्याच्या आकाराच्या बारीक उंचवट्यांची टोकं वर्षभरात झिजतील. इंचाला २० ते २२ ठेवली असती तर ओल्या हातालाही पकड मिळाली असती. जाळी हाताला धरायला आहे, हे विसरलं की ती आपल्या कौशल्याचं प्रदर्शन होऊन बसते.

आता तू ज्या वाक्यावर मी काही बोलू नये अशी अपेक्षा केली असशील, ते वाक्य. ‘पुढच्या रायफलीची नळी मीच बसवेन, चापही थोडा हलका करेन.’ करू नकोस. लाकडात चूक झाली तर दस्ता फुटतो. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत, चूक झाली तर माणसाचा चेहरा जातो. काडतूस चेंबरमध्ये किती खोल बसतं आणि बोल्ट, म्हणजे मागून चेंबर बंद करणारा सरकता दांडा, त्याच्यामागे किती घट्ट बंद होतो, हे मोजायला ठरावीक मापं असतात, आणि ती मापं वापरणारा हात शिकलेला आणि परवाना असलेला असावा लागतो. युरोपातल्या कितीतरी देशांत नवी नळी बसवलेली रायफल सरकारमान्य चाचणीघरात नेऊन नेहमीपेक्षा जास्त दाबाच्या काडतुसाने तपासल्याशिवाय विकताच येत नाही. बर्मिंगहॅमचं असं चाचणीघर १८१३ पासून चालू आहे. दोनशे वर्षं ज्यांनी पिढ्यानपिढ्या हे काम केलं, तेही आपल्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता चाचणी करतात. मग तू आणि मी घरच्या बाकावर कोण लागून गेलो? नळी, चेंबर, चाप यांचं काम परवानाधारक बंदूक-कारागिराकडे दे, पैसे मोजून त्याच्याकडून लेखी घे आणि तो कागद रायफलीबरोबर जपून ठेव. चाप हलका केलेली रायफल हातातून निसटून आपटली आणि सुटली, तर त्या गोळीचा मालक तूच.

कायद्याचं तर आधी बघायचं. लाकूड आणण्याच्याही आधी. देशागणिक नियम वेगळे आहेत. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदूक बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं, विकणं या प्रत्येकासाठी परवाना लागतो, ‘हौस’ नावाची सूट तिथे नाही. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानंतर स्वतःसाठी केलेलं काम आणि नफ्यासाठी पुन्हा पुन्हा केलेली विक्री यांत फरक केला जातो, आणि अशा विक्रीला परवाना हवाच. तीन गिऱ्हाइकं दारात आली की तू स्वतःला हौशी म्हणून चालणार नाही. तू जिथे राहतोस तिथल्या संबंधित कचेरीत जाऊन विचार, उत्तर लेखी माग. आणि अनुक्रमांकाला कानस लावायची नाही, पॉलिशसाठीसुद्धा नाही.

तू एक जुनी लष्करी माऊझर, ती जर्मन बनावटीची रायफल, मिळाल्याचं लिहिलंस, ती कापून शिकारी रायफल करायचा विचार आहे म्हणतोस. १८९८ ची ती ॲक्शन म्हणजे शहाणपणाने केलेल्या कामाचा नमुना आहे. काडतुसाची कड पकडणारा तो लांब पंजा, पुढचे दोन दात निकामी झाले तर बोल्ट अडवणारा मागचा तिसरा दात, काडतूस फुटलं तर वायू डोळ्यांपासून दूर सोडणारी भोकं. आजच्या कितीतरी शिकारी रायफली तिच्याच पोटी जन्मल्या. जिम कॉर्बेटना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये भेट मिळालेली रिग्बी या ब्रिटिश बंदूक कंपनीची .२७५ ची रायफलही माऊझर ॲक्शनचीच. म्हणूनच आधी तिचे शिक्के नीट बघ. नळी, बोल्ट, ॲक्शन यांवरचे आकडे एकमेकांशी जुळत असतील आणि मूळ लाकूड शाबूत असेल, तर तिला हात लावू नकोस. दोन महायुद्धांनंतर अशा हजारो रायफली हौसेने कापल्या गेल्या आणि आता मूळ रूपातली एक शोधायला संग्राहक वणवण करतात. जी आधीच कुणीतरी कापून, भोकं पाडून विद्रूप केली आहे ती घे. तिच्यावर तुझा हात पडला तर तिचं भलंच होईल.

विकण्याचं बोलतो. मी पंचवीस वर्षांत मोजक्याच रायफली विकल्या, आणि प्रत्येक वेळी आधी माणूस मोजला. त्याला डोळे मिटून रिकामी रायफल खांद्याला लावायला सांग, रिकामी आहे हे तू आणि त्याने दोघांनी बोल्ट उघडून पाहिल्यावरच. मग डोळे उघडू दे. दुर्बिणीतलं वर्तुळ पूर्ण दिसतं का, की त्याला मान ताणावी लागते? कारखान्यात दस्त्याची लांबी चापापासून मागच्या टोकापर्यंत साधारण साडेतेरा इंच धरतात, कारण सगळ्यांना थोडी थोडी जमते. तुझ्याकडे येणारा माणूस त्या सगळ्यांतला नसतो. ठेंगण्या बाईला ती लांब पडते, जाड कोट घालून शिकार करणाऱ्यालाही. डावखुऱ्याला तर दस्ता दुसऱ्या बाजूला वळवूनच द्यावा लागतो. आणि हलकी रायफल मागणारे पुष्कळ येतील. त्यांना सांग, चढावर जेवढं वजन वाचेल, तेवढाच धक्का खांद्याला जास्त बसेल. धक्क्याला घाबरलेला माणूस चाप ओढताना डोळे मिटतो.

यापुढे जे लिहितो आहे त्याच्यासाठीच खरं तर हे पत्र. त्या रायफलीच्या दुसऱ्या टोकाला एक जनावर उभं असतं. त्याने तुला कधी पाहिलेलं नसतं. दस्ता ओलाव्याने वळला म्हणून गोळी चार बोटं बाजूला गेली, तर ते जागेवर पडत नाही, पोटात गोळी घेऊन झाडीत जातं आणि रात्रभर मरत राहतं. मी एकदा दोन दिवस अशा एका हरणाचा माग काढला आहे. रक्ताचे थेंब दुसऱ्या दिवशी दुपारी संपले आणि हरिण काही सापडलं नाही. ती रायफल मीच बसवली होती, नळी एका बाजूने लाकडाला टेकलेली होती, आणि ते मला माहीत होतं. ‘चालेल एवढं’ म्हणून मी सोडून दिलं होतं. त्यानंतर मी ‘चालेल’ हा शब्द बाकाशी उच्चारलेला नाही.

म्हणून विक्रीआधी प्रत्येक रायफल तीन वेगवेगळ्या दिवशी, थंड नळीने, मान्यताप्राप्त मैदानावर झाडून बघायची. गरम नळीचे पाच सुंदर छेद मला दाखवू नकोस. शिकाऱ्याला पहिलीच गोळी मिळते. लक्ष्याचे कागद तारखेसह वहीत चिकटव. लाकूड कुठून आणलं, कधी वाळलं, नळीचं काम कुणी केलं, किती गोळ्या झाडल्या, कुठे दुरुस्ती केली, सगळं त्याच वहीत. गिऱ्हाइकाला तिची प्रत द्यायची, दोष असेल तर तोही त्यात लिहून. आणि एखादा माणूस परवाना दाखवायला टाळाटाळ करू लागला, किंवा रायफलीपेक्षा ‘किती लांबून पाडते’ याच्याच गोष्टी करू लागला, तर त्याला चहा पाजून परत पाठव. कारण सांगायला तू बांधील नाहीस.

किमतीचं मला फारसं जमलेलं नाही. हाताने केलेल्या दस्त्याला शंभर तास सहज लागतात. तासांचा हिशेब लावलास तर गिऱ्हाईक पळेल, नाही लावलास तर तू थकशील. नोकरी सोडायचा विचार मात्र आत्ता मनात आणू नकोस. पोट त्यावर अवलंबून राहिलं की मुठीतली तिरकी रेघ दिसेनाशी होते.

हा पहिला दस्ता तुझ्याकडेच ठेव. त्याला मुठीतून आतून पोलादी सळई घालून बळ देता येईल, तू आलास की दोघं मिळून घालू. माझ्याकडे अक्रोडाची एक फळी आहे, अकरा वर्षांपूर्वी मेण लावून ठेवलेली. नक्षी फारशी नाही, पण मुठीच्या जागी रेघ दोरीसारखी सरळ जाते. तिच्यावरची वजनं मी अजूनही लिहितो, गेली पाच वर्षं आकडा हललेला नाही. येताना रायफल कागदपत्रांसह, बोल्ट वेगळा काढून आण, आणि तुझ्या पटाश्याही आण. फोटोत त्यांची धार मला बोथट वाटली.

तुझा,
काका