वाचक विचारतात: सीडी-डीव्हीडीचे न वाचले जाणारे सेक्टर

प्रश्न: जुन्या सीडी-आरची आयएसओ इमेज (सगळ्या सीडीची एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत) लिनक्सवर डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने काढतो. अगदी शेवटी 'इनपुट/आउटपुट एरर' येतो, पण सीडीवरच्या फाइल सगळ्या उघडतात. इमेज अपुरी समजायची का? (वाचक, सांगली)

उत्तर: बहुतेक वेळा नाही. ट्रॅक-ॲट-वन्स (एकेक ट्रॅक वेगळा लिहिण्याच्या) पद्धतीने सीडी भरली की ट्रॅकच्या शेपटाला दोन 'रन-आउट' सेक्टर राहतात (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा २०४८ बाइटचा तुकडा). त्यांत डेटा नसतोच, तरी ड्राइव्ह ते लांबीत मोजतो आणि वाचायला गेलं की अडतो. खरी लांबी आयएसओसाइज कमांड सांगते. समजा ती ३,३०,००० सेक्टर म्हणाली, तर डीडीला ब्लॉक २०४८ आणि काउंट ३,३०,००० द्या. फाइल बरोबर ६७,५८,४०,००० बाइटची झाली, एरर आला नाही, म्हणजे इमेज पूर्ण.

तरीही थोडं आधीच अडलं, तर लिनक्सच्या रीड-अहेडवर संशय घ्या. तो पुढचे सेक्टर आगाऊ मागतो, त्यात रन-आउट आले की आधीचे चांगले सेक्टरही वाया जातात. इनपुटला 'डायरेक्ट' फ्लॅग लावा.

एक चूक मात्र करू नका: नुसता 'नोएरर' पर्याय वापरणं. खराब ब्लॉक गाळला जातो, त्यानंतरचा सगळा डेटा अलीकडे सरकतो आणि त्यापुढची एकही फाइल जागेवर सापडत नाही. सोबत 'सिंक' हवंच, म्हणजे गाळलेल्या जागी शून्यं भरली जातात.

प्रश्न: लग्नाच्या व्हिडिओची डीव्हीडी-आर मध्यावर अडखळते. ड्राइव्ह घरघरतो आणि कॉपी थांबते. काय वाचवता येईल? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर: बरंच काही. आधी डिस्क मऊ, सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका, कारण ट्रॅकच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग डेटा खातो.

मग डीडी सोडून जीएनयू डीडीरेस्क्यू ही खराब डिस्कमधून डेटा वाचवणारी कमांड घ्या. सेक्टर २०४८ ठेवा आणि मॅपफाइलचं (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद ठेवणाऱ्या फाइलचं) नाव न विसरता द्या. पहिली फेरी 'एन' पर्यायाने: चांगला भाग आधी उचलला जातो, खराब जागेशी झटापट होत नाही. दुसरी फेरी 'डी' (थेट वाचन) आणि 'आर ३' (तीनदा पुन्हा प्रयत्न) लावून, त्याच इमेजवर, त्याच मॅपफाइलने. उरलेल्यासाठी डिस्क दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घाला आणि तीच कमांड पुन्हा चालवा. एका ड्राइव्हला न दिसलेले सेक्टर दुसऱ्याला अनेकदा दिसतात, आणि मॅपफाइलमुळे फक्त राहिलेलेच वाचले जातात. वेग ४एक्सवर उतरवला तर आणखी काही हाती लागतात.

डीव्हीडीत चूक-दुरुस्ती १६ सेक्टरच्या, म्हणजे ३२ केबीच्या गठ्ठ्याने होते. म्हणून एक ठिपका बिघडला तरी सहसा सगळा गठ्ठा जातो. व्हिडिओत एवढ्याने साधारण अर्धा सेकंद चित्र फुटतं, पुढचं नीट चालतं. फटका आयएफओ फाइलला (व्हिडिओची मांडणी प्लेअरला सांगणाऱ्या फाइलला) बसला असेल तर घाबरू नका: त्याच फोल्डरमधली बीयूपी ही तिचीच प्रत असते. ती कॉपी करून आयएफओ नाव द्या.