छोट्या एक्सपेलरवर (स्क्रूनं दाबून तेल काढायच्या मशीनवर) शेंगदाण्याचं तेल कमी पडतंय, उतारा कसा वाढवायचा?

तुम्ही लिहिलंय की 10 किलो दाण्याला साडेतीन लिटर तेल पडतंय आणि मशीन विकणारा म्हणतो साडेचार पडायलाच पाहिजे. आधी लिटर-किलोचा घोळ मिटवा भाऊ. एक लिटर शेंगदाणा तेल वजनाला साधारण 910 ग्रॅम भरतं, म्हणजे तुमचं साडेतीन लिटर झालं 3.2 किलो. दाण्यात तेल असतं 45 ते 50 टक्के. म्हणजे सव्वा ते पावणेदोन किलो तेल तुमच्या ढेपेत आणि गाळात चाललंय, ते तर जास्तच आहे.

आमचं अमळनेर तालुक्यात छोटं एक्सपेलर आहे (हो, तेच अमळनेर, जिथं 1945 ला विप्रोची सुरुवात तेलाच्या गिरणीतून झाली, आमच्याकडं प्रत्येकजण हे एकदा तरी सांगतोच). माझा अनुभव म्हणाल तर मशीनला नंतर शिव्या द्या, पहिले दाण्यातला ओलावा बघा.

मी काय केलं होतं, घाण्यावर पाणी शिंपडतात ते व्हिडिओत बघितलं आणि एक्सपेलरच्या हॉपरमधेच (दाणे टाकायच्या वरच्या नरसाळ्यात) तांब्याभर ओतलं. दोन मिनिटांत आत कणीक मळल्यासारखा गोळा झाला, स्क्रू जागीच फिरतोय, पुढं काहीच येईना आणि मोटर गरम. नाना आले, बघितलं आणि म्हणे "हाई काय करी टाकं रे भो!" मग अख्खी दुपार ते खोलून खरवडण्यात गेली. घाण्यात पाणी चालतं कारण तिथं लाट हळू फिरते आणि पाण्यामुळंच तेल सुटं होतं, एक्सपेलरचं काम घर्षणावर चालतं, ओल झाली की माल घसरतो.

दाण्यात ओलावा 6-7 टक्के असला की उत्तम. मोजायला मशीन नको, 100 ग्रॅम दाणे कुटून ओव्हनमधे 105 डिग्रीला तीनेक तास ठेवा आणि परत वजन करा, जितके ग्रॅम कमी तितके टक्के ओलावा. जास्त निघाला तर उन्हात टाका. कमी असेल, म्हणजे उन्हाळ्यातला कडक वाळलेला माल, तर आदल्या रात्री पाणी शिंपडून गोणपाटाखाली झाकून ठेवा, 10 किलोला 100 मिली म्हणजे एक टक्का. रात्रभरात ते दाण्यात मुरतं, हॉपरमधे ओतण्यात आणि यात हाच फरक.

दुसरं म्हणजे दाणा कोमट करून टाका. गरम दाण्यातलं तेल पातळ होतं आणि लवकर सुटतं. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्यावर तासभर पसरले तरी काम होतं, फुकटची भट्टी. पण "कोल्ड प्रेस" लिहून विकणार असाल तर भाजू नका, ती फसवणूक आहे. सोललेला दाणा फार घसरत असेल तर थोडी टरफलं मिसळा, स्क्रूला पकड मिळते, जुने गिरणीवाले हेच करायचे.

मग चोक, म्हणजे ढेप बाहेर येते ते तोंड कमी-जास्त करायची चावी. मशीन तापल्यावरच हळूहळू आवळा, मशीन थंड असताना आवळला तर अडकेल. ढेप पापडासारखी पातळ आणि कडक यायला पाहिजे. जाड, मऊ, बोटानं दाबली तर तेलकट लागते म्हणजे तेल आतच राहिलंय. भुगा पडून जळका वास आला तर माल फार कोरडा किंवा चोक जास्त. गरम ढेप लगेच दुसऱ्यांदा फिरवली तर अजून तेल पडतं, पण ते काळपट आणि गाळ जास्त, मी ते वेगळं ठेवतो.

एवढं करूनही ढेपेत 7-8 टक्के राहणारच, त्याच्यामागं लागू नका, म्हशीला चालतं आणि ढेपेला भाव पण मिळतो. एक टक्क्याच्या खाली फक्त हेक्झेनवाल्या (तेल विरघळवून काढायचं रसायन) मोठ्या प्लँटमधे जातं, ते घरी करायचा विचारसुद्धा नको, त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि लगेच पेट घेते. बुरशी लागलेले दाणे स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका, अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीच्या विषाचा धोका असतो. आणि सरकी टाकून बघू का असं खाली विचारलंय, तर खायला नको. त्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, रिफाईन केल्याशिवाय ते जात नाही.

तेल स्टीलच्या टाकीत तीन-चार दिवस स्थिर ठेवा, गाळ खाली बसतो, मगच कपड्यातून गाळा. कळण्याच्या भाकरीवर कच्चं ओतून बघा, कडवट लागलं तर दाणे जुने आहेत.

एकदा ढेपेचा फोटो टाका, जाडी दिसली की चोक किती आवळायचा ते सांगतो.