वाचक विचारतात : दारात गाडी असलेला माणूस गरीब कसा?

प्रश्न : माझा मेहुणा फ्रान्समध्ये नोकरीला आहे. २०१८ मध्ये तिथे पिवळी जॅकेटं घालून लोक रस्त्यावर उतरले होते, तेव्हा त्याने पाठवलेले व्हिडिओ परवा मोबाईल साफ करताना परत बघितले. कारण काय, तर डिझेल महागलं. मी सिन्नरला एमआयडीसीत कामाला आहे, ओव्हरटाइम धरून १८ हजार हातात पडतात आणि घरात खाणारी पाच तोंडं. तिथला कमीत कमी पगार म्हणे आपल्या लाखाच्या घरात जातो. मला खरंच राग आला. ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांनी गरिबीच्या नावाने मोर्चे काढायचे? माझं काही चुकतंय का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : तुमचा राग मला कळतो भाऊ, कारण मला स्वतःलाही आधी असंच वाटलं होतं. त्या वर्षी मी कामानिमित्त लियाँ शहराच्या बाहेर एका छोट्या गावात राहत होतो. शेजारी एक बाई होत्या, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, भरवायचं, रात्री कूस बदलून द्यायची हे त्यांचं काम, घरात दोन मुलं आणि कमावत्या या एकट्याच. पगार किमान वेतनाला धरून, हातात बाराशे युरोच्या आसपास. युरो तेव्हा ८० रुपयांच्या जरा वर होता, म्हणजे ९६ हजारांच्या पुढे झाले, तुमचा मेहुणा सांगतो ते बरोबरच आहे.

पण हा हिशोब तिथे कमावून इथे घरी पैसे पाठवणाऱ्याचा झाला. त्या बाई तिथेच कमावतात आणि तिथेच खर्च करतात. तीच भाकरी, तेच दूध, तेच केस कापणं दोन्ही देशांत कितीला पडतं हे बघून जागतिक बँक जो हिशोब मांडते त्याने बाराशे युरो म्हणजे आपल्याकडचे साधारण ३३ ते ३५ हजार. लाखाचे एकदम पस्तीसवर आले बघा. त्यातले साडेपाचशे युरो भाड्यात जायचे, वर थंडीत घर गरम ठेवायचं बिल. वृद्धाश्रम २८ किलोमीटरवर, ड्युटी पहाटे सहाची आणि पहिली बस साडेसातला. गाडी नसेल तर नोकरीच नाही, आणि टाकी फुल करायला ७५ युरो. त्यांच्या फ्रीजच्या दारावर एक कागद लावलेला असायचा, महिन्याच्या आठवड्यांचे चार चौकोन आणि प्रत्येकात काय शिजवायचं ते लिहिलेलं. शेवटच्या चौकोनात नुसतं ‘पास्ता’ एवढंच. तो कागद मी बरेच महिने बघत होतो, शेवटचा चौकोन कधी बदलला नाही.

आता डिझेलचं. कित्येक दशकं सरकारनेच डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त ठेवलं म्हणून लोकांनी डिझेलच्या गाड्या घेतल्या, मग प्रदूषणाचं कारण सांगून त्याच डिझेलवर कार्बन टॅक्स वाढवत नेला, आणि १ जानेवारी २०१९ पासून लिटरमागे आणखी साडेसहा सेंट वाढणार होते. पर्यावरणासाठी कर लावणं मला पटतं, पण त्याच सरकारने २०१८ च्या सुरुवातीला बड्या श्रीमंतांवरचा संपत्ती कर काढून फक्त घर-जमिनीपुरता ठेवला होता. लोकांना लागलं ते हे. फ्रान्समध्ये २००८ पासून प्रत्येक गाडीत चमकणारं पिवळं जॅकेट ठेवावंच लागतं, त्यामुळे ते घराघरात होतंच, तेच घालून १७ नोव्हेंबर २०१८ ला पावणेतीन लाखांच्या वर लोक बाहेर पडले. पॅरिसमधली जाळपोळ टीव्हीवर दिसली, पण खरं आंदोलन गावागावांच्या बाहेरच्या गोल चौकांत चाललं होतं, शेकोटी पेटवून, घरून आणलेलं सूप वाटून खात. वीसहून जास्त लोकांचा एकेक डोळा पोलिसांच्या रबरी गोळ्यांनी वगैरे गेला. डिसेंबरमध्ये सरकारने ती करवाढ रद्द केली आणि १० डिसेंबरला अध्यक्ष मॅक्रॉन यांनी टीव्हीवर येऊन किमान वेतनवाल्यांना महिना १०० युरो जास्त मिळतील असं जाहीर केलं.

तुमचं म्हणणं पूर्ण बाजूला सारायचं नाहीये मला. ३५ हजार धरले तरी ते तुमच्या १८ हजारांच्या जवळजवळ दुप्पट, शिवाय पोरगं आजारी पडलं तर त्या बाईंना सावकाराकडे जावं लागत नाही, शाळा फुकट, नोकरी गेली तर काही महिने भत्ता. हा फरक फार मोठा आहे आणि तिथल्या आंदोलनांत तो कुणी बोलून दाखवत नाही ही माझीही तक्रार आहे. एकदा त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे माझं काम करणाऱ्या बाईला किती मिळतात? मी म्हटलं आठ-नऊ हजार, म्हणजे तुमचे शंभर-सव्वाशे युरो. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, त्यांची युनियन आहे का?

तुमच्याहून वाईट अवस्थेत कोणीतरी आहे म्हणून तुम्ही गप्प बसा, हे वाक्य फक्त फ्रान्समधल्या माणसाला ऐकवलं जात नाही. उद्या तुम्ही पगारवाढ मागितली की तुम्हालाही कोणी तरी सांगणारच की पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर जाऊन बघ लोक कसे जगतात. पाड्यावरच्या माणसाला त्यातून एक रुपयाही मिळत नाही, तुमची वाढ तेवढी थांबते. तुमचे १८ हजार कमी आहेत हे शंभर टक्के खरं, पण ते त्या बाईंनी खाल्लेले नाहीत हो.

प्रश्न : कॉलेजात ऑक्युपाय वॉल स्ट्रीटवर, म्हणजे वरच्या १ टक्के श्रीमंतांविरुद्धच्या अमेरिकेतल्या आंदोलनावर, प्रेझेंटेशन द्यायचंय. ‘आम्ही ९९ टक्के’ म्हणणारे ते अमेरिकन लोक स्वतःच जगातल्या सगळ्यात श्रीमंत १ टक्क्यात बसतात असं एका ठिकाणी वाचलं. खरं आहे का?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : अर्धवट खरं आहे, आणि तो अर्धवटपणाच तुझ्या प्रेझेंटेशनमध्ये यायला हवा. ब्रँको मिलानोविच हे जगाच्या विषमतेचा आयुष्यभर हिशोब मांडणारे अर्थतज्ज्ञ, त्यांच्या २००५ च्या आकड्यांप्रमाणे जगाच्या वरच्या १ टक्क्यात जायला कर भरून माणशी वर्षाला ३४ हजार डॉलर लागायचे. माणशी, हे विसरू नकोस, म्हणजे चौघांच्या घराला १ लाख ३६ हजार. त्या १ टक्क्यातले साधारण निम्मे, २ कोटी ९० लाख, अमेरिकन होते. पण अमेरिकेची लोकसंख्या तेव्हा २९-३० कोटी, म्हणजे तिथेही दहातला एकच त्यात बसतो, उरलेले नऊ नाही. १७ सप्टेंबर २०११ ला न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कात तंबू टाकून बसलेल्यांत कॉलेजच्या कर्जात बुडालेली बरीच पोरं होती, तीन वर्षांपूर्वी बँका वाचवायला संसदेने ७०० अब्ज डॉलर मंजूर केले आणि आमची घरं गेली ती गेलीच, हे त्यांचं म्हणणं होतं. लाउडस्पीकरला परवानगी नव्हती म्हणून एकाने बोललेलं वाक्य पुढच्या घोळक्याने मोठ्याने म्हणायचं, मग त्याच्या मागच्यांनी, असं भाषण मागे पोचवायचे. १५ नोव्हेंबरच्या पहाटे पोलिसांनी पार्क रिकामं केलं.

दुसरा अर्धा भागही सांग. त्याच मिलानोविचांचा हिशोब आहे की अमेरिकेतल्या सगळ्यात तळाच्या ५ टक्क्यांतला सर्वसाधारण माणूससुद्धा जगातल्या ६८ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत होता. आणि आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं? पार्कात तंबू पडले त्यानंतर तीनच दिवसांनी, २० सप्टेंबर २०११ ला, नियोजन आयोगाने सुप्रीम कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं की शहरात दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये खर्च करू शकणारा माणूस गरीब धरायचा नाही. या दोन तारखा एका स्लाइडवर शेजारी शेजारी ठेव, मला वाटतं वर्गाला फार काही समजावून सांगावं लागणार नाही.

प्रश्न : श्रीमंत देशांतल्या आंदोलनांनी गरीब देशांचं कधी काही भलं झालंय का, की सगळं आपापल्या पोटापुरतं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : झालंय, आणि त्यात मुंबईचाही वाटा आहे. एड्सवरची तीन औषधांची ट्रीटमेंट अमेरिकेत १९९६ पासून मिळायला लागली, खर्च वर्षाला माणशी १० ते १५ हजार डॉलर. आफ्रिकेत तो कोणाला परवडणार, माणसं मरत होती. दक्षिण आफ्रिकेने स्वस्त औषधं मिळावीत असा कायदा केला तर औषध कंपन्या कोर्टात गेल्या आणि अमेरिकन सरकार कंपन्यांच्या बाजूने दबाव टाकत राहिलं. जून १९९९ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष अल गोर यांनी टेनेसीतल्या आपल्या गावी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली, त्या सभेत अॅक्ट अप या एड्सच्या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी घुसून घोषणा दिल्या, नंतरही त्यांची पाठ सोडली नाही, आणि सप्टेंबरपर्यंत अमेरिकेने दबाव मागे घेतला. घोषणा देणाऱ्यांच्या देशात औषध आधीच मिळत होतं, ते भांडत होते ते आफ्रिकेतल्या पेशंटसाठी, जे स्वतःही रस्त्यावर उतरलेलेच होते. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीचे युसूफ हमीद यांनी तशीच तीन औषधांची ट्रीटमेंट वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमीत, द्यायची तयारी दाखवली. एप्रिलमध्ये ३९ कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या त्या कायद्याविरुद्धचा प्रिटोरियातला खटला मागे घेतला. आज गरीब देशांना अशी ट्रीटमेंट वर्षाला ५० डॉलरच्या आत पडते.