धूर निघाला, डबा चेपला… मग पुढं काय?

(सहलींचा सीझन जवळ आलाय म्हणून मागच्या अंकात विज्ञान संग्रहालयातल्या प्रयोगांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं. सातारा-सांगलीकडून बरेच आले, त्यातले चार घेतलेत.)

प्रश्न : आमची कोरेगाव तालुक्यातली झेडपीची शाळा. गेल्या डिसेंबरात सातवीची ५२ पोरं घेऊन एका विज्ञान संग्रहालयात गेलो होतो. पाऊण तासाचा लाइव्ह शो होता, पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं काय शिकलात, तर सगळ्यांचं एकच, "बाई, धूर निघाला!" आमचं काय चुकलं?

बाई, पोरं खोटं बोलली नाहीत, धूर निघालाच असणार. (तो धूर नसतो खरं तर, ते खाली येतंय.) मी स्वतः बरीच वर्षं अशा हॉलमध्ये टेबलामागं उभा राहिलोय आणि सुरुवातीला मी पण हेच करायचो, पाऊण तासात अकरा प्रयोग, एक संपला की लगेच दुसरा, टाळ्या पडल्या की आपण खुश. एकदा शो संपल्यावर एका मुलीला सहज विचारलं, मगाशी डबा का चेपला गं? तर म्हणाली, "तुम्ही जादू केली म्हणून." झालं, त्या दिवसापासून अकराचे चार केले.

तो डबा म्हणजे कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन. त्यात दोन चमचे पाणी घालून बर्नरवर ठेवायचं, तोंडातून वाफ भसाभसा यायला लागली की सांडशीनं धरून झटकन थंड पाण्याच्या परातीत उलटा करायचा. फट्ट! कुणीतरी वर पाय दिल्यासारखा चेपतो. नुसतं दाखवलं तर खेळ दोन सेकंदांत खलास. म्हणून मी कॅन उलटा करायच्या आधी थांबतो आणि विचारतो, काय होईल? फुटेल, चेपेल, पाणी आत ओढलं जाईल, का काहीच होणार नाही? हात वर करायला लावायचे, आकडे फळ्यावर लिहायचे, मग शेजारच्याला पटवायला एक मिनिट द्यायचं, त्या एका मिनिटात जो गलका होतो ना तोच खरा शो असतो. कारण आता प्रत्येकाची पैज लागलेली असते आणि "फुटेल" म्हणणारं पोरगं सगळ्यात जास्त डोळे फाडून बघतं. मग सांगायचं की वाफेनं आतली हवा बाहेर हाकलली, गार पाण्यात वाफेचं पाणी झालं, आतला दाब एकदम पडला, आणि बाहेरची हवा तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचं वजन ठेवल्यासारखी दाबतच असते. "पाणी ओढलं जाईल" म्हणणारी पण अर्धी बरोबर असतात बरं का, कॅन वर उचलला की त्यातून पाणी सांडतं, तेवढं आवर्जून दाखवा.

हे माझ्या एकट्याच्या मनचं नाही. अमेरिकेत हार्वर्डमध्ये एरिक माझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या पोरांवर हे तपासून २००४ मध्ये छापलंय, नुसता प्रयोग बघणाऱ्यांना तो न बघणाऱ्यांपेक्षा फारसं काही जास्त कळलं नव्हतं, आधी अंदाज बांधायला लावलेल्यांना मात्र चांगलाच फरक पडला. आणि घाई तर नकोच. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळात मुलांना प्रयोग करून दाखवायची पद्धत १८२५ पासूनची, मायकेल फॅरडेनं स्वतः ती व्याख्यानं १९ वर्षं दिली, आणि त्यात एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं घेतली. आपण पाऊण तासात अकरा उरकतो!

तुमच्या हातात काय आहे, तर बुकिंगचा फोन करतानाच विचारा कुठले प्रयोग दाखवणार, आणि त्यातल्या दोन प्रयोगांचा अंदाज पोरांकडून आदल्या दिवशी वहीत लिहून घ्या. जमलं तर ५२ चे दोन गट करायची विनंती करा, मागच्या रांगेतल्याला पुढच्याचं डोकंच दिसतं.

प्रश्न : विट्याहून लिहितोय. मुलीच्या शाळेच्या सहलीत द्रव नायट्रोजनचा प्रयोग आहे म्हणे, उणे १९६ अंश! हे सेफ असतं का? पाठवू का नको?

पाठवा की. तुमच्या भागात गाई-म्हशी असणाऱ्यांनी द्रव नायट्रोजन बघितलेला असतो, फक्त नाव माहीत नसतं. कृत्रिम रेतन करायला डॉक्टर येतात, त्यांच्या कॅनमधून पांढरी वाफ बाहेर येते ना, तेच ते, वीर्याच्या कांड्या त्यातच ठेवतात. आणि तो पांढरा धूर म्हणजे नायट्रोजन नव्हे, नायट्रोजन तर दिसतच नाही, हवेतलं बाष्प गारठून त्याचं धुकं होतं. कोरेगावच्या बाईंनी हे वर्गात सांगावं.

धोका आहे तो दोन गोष्टींचा. एक म्हणजे त्वचेला नाहीतर डोळ्याला लागलं तर भाजल्यासारखी जखम होते, म्हणून करणाऱ्याला चष्मा आणि हातमोजे पाहिजेत आणि पोरं लांब बसवलेली पाहिजेत. दुसरं, एका लिटरचा सातशे लिटरच्या आसपास वायू होतो, म्हणून झाकण घट्ट लावलेल्या भांड्यात तो भरला तर स्फोट होऊ शकतो आणि बंद कोंदट खोलीत ऑक्सिजन कमी पडू शकतो. सरांना एवढंच विचारा, हॉल हवेशीर आहे का. आणि नायट्रोजनमध्ये बुडवून वाफाळणारी बिस्किटं कुणी पोरांच्या हातात देत असेल तर सरळ नको म्हणायचं, मला तो प्रकार अजिबात पटत नाही.

प्रश्न : मी आठवीत आहे, वाईला. त्या चकचकीत गोळ्यावर हात ठेवल्यावर सगळ्यांचे केस उभे राहिले, माझेच नाही राहिले. सगळे हसले. का असं झालं?

अगं, तुझ्यात काही खोट नाही. दोन वेण्या, वर रिबिनी, आणि डोक्याला चापून तेल, बरोबर ना? तो गोळा म्हणजे व्हॅन डी ग्राफ जनरेटर, स्थिर वीज तयार करणारं यंत्र. त्याच्यामुळं प्रत्येक केसावर सारखाच विद्युतभार येतो, आणि सारखे भार एकमेकांना ढकलतात म्हणून केस फिसकारतात. वेणीत बांधलेले, तेलानं चिकटलेले केस जाणार कुठं? शिवाय हवा दमट असली की भार गळून जातो, पावसाळ्यात तर यंत्रच रुसून बसतं. पुढच्या वेळी डिसेंबर-जानेवारीत जा, आदल्या दिवशी केस धू आणि मोकळे सोड. आईची परवानगी तू काढ!

प्रश्न : जत तालुक्यातली शाळा आहे, संग्रहालयाचा खर्च झेपत नाही. सहल दरवर्षी महाबळेश्वरलाच जाते. काय करावं? – एक शिक्षक

सर, मग बसच तुमचं संग्रहालय. वाईत वेफर्सचं एक पाकीट घ्या, पोरांना अंदाज विचारा, आणि पसरणी घाट चढताना ते एकाच्या हातात द्या (फोडू नको म्हणून दम देऊन). पाचगणीपर्यंत फुगून टम्म होतं, कारण आतली हवा तेवढीच आणि बाहेरचा दाब कमी झालेला. उतरताना उलटं करा, महाबळेश्वरला रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण घट्ट लावा, वाईत येईपर्यंत ती चेपलेली दिसेल, वरच्या कॅनचीच धाकटी बहीण. थर्मामीटर असेल तर वरती पाणी उकळून बघा, शंभराऐवजी ९५-९६ अंशालाच उकळतं.

शाळेत करायचं तर सांगली जिल्ह्यात राहून हळद विकत आणायचं कारण नाही, कुणाच्या तरी घरून येईलच. पाण्यात कालवून कागदावर फासा, वाळला की साबणाच्या पाण्यानं त्यावर नाव काढा, लालभडक उमटतं, लिंबू पिळलं की परत पिवळं.

आणि मिरजेत कुणाची ओळख असेल तर एक तानपुरा मागून आणा. त्याच्या मधल्या जोडीच्या दोन्ही तारा एकाच सुरात लावतात. एका तारेवर कागदाचा बारीक तुकडा दुमडून घोड्यावर बसवल्यासारखा ठेवा आणि दुसरी तार छेडा, हात न लावता कागद थरथरतो आणि उडून पडतो. मग तारेचा सूर थोडा उतरवून परत करा, कागद ढिम्म हलत नाही. हा प्रयोग मी शंभरदा केला असेल, अजून कंटाळा आलेला नाही. फक्त तार तुटली तर माझं नाव सांगू नका.